समोर बसलेला 'गैरहजर' माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आजच्या बोलण्याची सुरुवात एका नावापासून आहे. ते नाव मात्र मी सांगणार नाही. का, ते ओघात येईलच.

२००८ सालची गोष्ट. ऑस्ट्रेलियाच्या अगदी मध्यभागी अ‍ॅलिस स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. चहूकडे तांबडी माती आणि मधून टॉड नावाची नदी. नदी म्हणायची ती नकाशावर. वर्षातले बहुतेक दिवस तिच्या पात्रात नुसती वाळू असते. ही मूळची अरर्न्टे लोकांची भूमी. समाजशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत यांनाच 'अरुंटा' म्हटलेलं आढळतं. या गावात बेकारांना काम मिळवून देणाऱ्या एका खासगी संस्थेत मी नोकरीला होते. आपल्याकडच्या सेवायोजन कार्यालयासारखं, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजसारखंच काहीसं हे काम. फरक एवढाच, की तिथे नाव नोंदवून घरी वाट बघत बसता येत नाही. सरकारकडून बेकारीभत्ता हवा असेल, तर ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी हजर राहावं लागतं. बारा महिन्यांत तीनदा चुकलं तर आठ आठवडे भत्ता बंद, असा तेव्हाचा नियम होता. आम्ही फक्त अहवाल पाठवायचा. भत्ता थांबवण्याचा निर्णय सेंटरलिंक या सरकारी यंत्रणेचा.

त्या सकाळी बाहेरच्या खोलीत दहा-पंधरा माणसं बसली होती. मी दारात उभी राहिले आणि यादीतलं नाव मोठ्याने पुकारलं. कोणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिसऱ्यांदा पुकारलं, घड्याळ पाहिलं, नियमाप्रमाणे थोडा वेळ थांबले आणि नावापुढे 'गैरहजर' असं लिहिलं. त्या गृहस्थांची ही तिसरी खेप होती. अहवाल गेला.

दुपारी आमच्या कार्यालयातल्या एक अ‍ॅबोरिजिनल बाई माझ्या टेबलाशी आल्या. वयाने आणि मानाने मोठ्या, म्हणून सगळे त्यांना 'आन्टी' म्हणत. तिथे ही नुसती लाडाची हाक नसते. मान असलेल्या वडीलधाऱ्या बाईलाच ती मिळते. आन्टी शांतपणे म्हणाल्या, "पोरी, तो सकाळपासून तिथेच बसला होता."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. काही दिवसांपूर्वी त्यांच्या गणगोतातला एक माणूस वारला होता. त्याचं आणि या गृहस्थांचं नाव एकच. मृताचं नाव उच्चारायचं नाही, हा तिथला रिवाज. त्याच नावाचं जिवंत माणूस असेल तर त्यालाही ते नाव बाजूला ठेवावं लागतं. मध्य ऑस्ट्रेलियात अशा वेळी 'कुमन्जायी' हे बदली नाव वापरतात. मी ज्या खोलीत ते नाव तीनदा ओरडून पुकारलं, त्या खोलीत सुतकातली आणखी माणसं बसलेली होती. "तो मीच" असं म्हणून उठणं त्या गृहस्थांना शक्य नव्हतं. आधीच्या दोन चुका का झाल्या, तेही कळलं. आमची पत्रं ज्या घरी गेली, त्या घरात मृत्यू झाल्यामुळे कुटुंबाने ते घर काही काळासाठी सोडलं होतं. पत्रं आत, दार बंद.

आता खरी लाज वाटण्याजोगी गोष्ट सांगते. हा रिवाज मला ठाऊक होता! नोकरीला लागले तेव्हा आम्हाला अर्ध्या दिवसाचं 'सांस्कृतिक जाणीव' प्रशिक्षण मिळालं होतं. एक छापील कागद दिला होता. डोळ्यांत रोखून पाहू नका. उत्तरासाठी घाई करू नका. मृतांची नावं घेऊ नका. तिसऱ्या ओळीवर मी स्वतःच्या हाताने खूण केली होती. पण गावात कोण वारलं, हे कागद कसा सांगणार? ते शेजाऱ्याला माहीत असतं, आन्टींना माहीत होतं. मी त्यांना विचारलं नव्हतं.

आणि हा रिवाज समजायला मला जड का जावा? माझी आजी सोलापूरची. तिने आयुष्यभर आजोबांचं नाव घेतलं नाही. घ्यावंच लागलं तर उखाण्यात. रेशनकार्डाच्या खिडकीवर कारकुनाने "नवऱ्याचं नाव?" असं विचारलं, की ती शेजारच्या बाईकडे बघायची, आणि ती बाई सांगायची. खिडकीतल्या कारकुनाला ही पद्धत ठाऊक होती, म्हणून कोणाचं काही अडत नसे. माझ्या खिडकीतल्या कारकुनाला, म्हणजे मला, ती ठाऊक असूनही सुचली नाही.

मी आन्टींना विचारलं, "पण त्यांनी नंतर येऊन हळूच सांगायला काय हरकत होती? दिवसभर गप्प का बसले?" आन्टींनी उलट मलाच विचारलं, "तू बसतेस ती खुर्ची पूर्वी कोणाची होती, हे तुला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. पुढे काही वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर वाचत, ऐकत राहिले. आज जे सांगणार आहे ते त्यातलंच.

१७८८ साली इंग्रजांनी सिडनीला वसाहत केली तेव्हा या खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलणारे लोक राहत होते. त्यांच्या जमिनी गेल्या, रोगराईने आणि बंदुकीने माणसं गेली, हे आपण थोडंफार ऐकलेलं असतं. पण जे उरले त्यांच्या श्रमाचं काय झालं, हे क्वचितच सांगितलं जातं. १८६९ साली व्हिक्टोरिया वसाहतीने कायदा केला. अ‍ॅबोरिजिनल माणसाने कुठे राहायचं, कोणाकडे काम करायचं, त्याच्या कमाईचं काय करायचं, हे ठरवण्याचा अधिकार त्यातून सरकारकडे आला. १८९७ साली क्वीन्सलँडने असाच, आणखी कडक कायदा केला. १९०५ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाने.

या कायद्यांत 'प्रोटेक्टर' म्हणजे रक्षक नावाचा अधिकारी असे. क्वीन्सलँडमध्ये हा रक्षक बहुधा गावचा पोलीसच. मालकाला अ‍ॅबोरिजिनल माणूस कामावर ठेवायचा तर रक्षकाचा परवाना लागे. मजुरीचा मोठा भाग मजुराच्या हाती न पडता रक्षकाकडे खात्यात जमा होई. स्वतःच्या घामाचे पैसे हवे असतील तर रक्षकासमोर उभं राहायचं, कशाला हवेत ते सांगायचं, आणि तो 'हो' म्हणाला तर अंगठा उठवून घ्यायचे. कधी मिळत, कधी नाही. किती शिल्लक आहे, हे विचारण्याची सोय नव्हती. क्वीन्सलँडच्या सरकारी दप्तरातून हा सगळा हिशेब रोझलिंड किड या इतिहासकार बाईंनी खणून काढला. खात्यांतून परस्पर कापून घेतलेले पैसे, मधल्यामध्ये झालेल्या अफरातफरी, सगळं तिथे सरकारी कागदावरच होतं.

म्हणजे पाहा, टेबलापलीकडे अधिकारी, टेबलावर वही, वहीत आपलं नाव, आणि "हे सगळं तुझ्याच भल्यासाठी" हे वाक्य. माझ्या कार्यालयातही हेच होतं. वहीच्या जागी संगणक आला होता, इतकंच.

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज ज्या नॉर्दर्न टेरिटरीत आहे, तिथे तर एक वहीच प्रसिद्ध आहे. १९५३ च्या कायद्याने तिथे 'वॉर्ड' म्हणजे सरकारी पालकत्वाखालची माणसं, असा वर्ग तयार केला. कायद्यात अ‍ॅबोरिजिनल हा शब्द नव्हता. पण १९५७ मध्ये वॉर्डांची नोंदवही प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातली सुमारे १५ हजार नावं जवळजवळ सगळी त्यांचीच निघाली. लोक त्या वहीला 'स्टड बुक' म्हणत. जातिवंत घोड्यांची वंशावळ ठेवतात ना, ती वही! जे काही थोडे लोक वहीबाहेर राहिले, त्यांत चित्रकार अल्बर्ट नामाटजिरा होते. त्यांच्या जलरंगातल्या निसर्गचित्रांनी देशभर नाव कमावलं होतं. पण नातलग वहीच्या आत आणि ते बाहेर. वहीतल्या माणसाला दारू देणं हा गुन्हा होता. वाटून खाणं-पिणं हा तर त्यांच्या समाजाचा धर्म. १९५८ साली या गुन्ह्यासाठी त्यांना शिक्षा झाली. दोन महिने ते स्थानबद्धतेत होते, आणि १९५९ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जलाच त्यांचं निधन झालं. अशा गावात मी वही उघडून नावं पुकारत होते.

श्रोतेहो, आता आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. लोकांना काम मिळवून देणारी सरकारी यंत्रणा, कॉमनवेल्थ एम्प्लॉयमेंट सर्व्हिस, ऑस्ट्रेलियात १९४६ साली सुरू झाली. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना, कारखान्यांतून मोकळ्या झालेल्या कामगारांना काम मिळावं, हा हेतू. त्याच सुमारास बेकारीभत्ताही सुरू झाला. पण अ‍ॅबोरिजिनल माणसाला तो सरसकट नव्हता. त्याची वर्तणूक, बुद्धी आणि 'प्रगती' अधिकाऱ्याला पसंत पडली तरच. जे 'भटके किंवा आदिम' ठरवले गेले, त्यांना सामाजिक सुरक्षेच्या कायद्यातून वगळण्याचं कलम १९६६ पर्यंत टिकून होतं.

आणि त्याच १९४६ साली, १ मे रोजी, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात शेकडो अ‍ॅबोरिजिनल मजुरांनी संप केला. मेंढ्या-गुरांच्या अफाट कुरणांवर ते पीठ, चहा, साखर आणि जुने कपडे एवढ्यावर राबत होते. रोख मजुरी नाममात्र किंवा तीही नाही. या संपाची तयारी कशी झाली, ते ऐकण्यासारखं आहे. १९४२ साली स्कल स्प्रिंग्ज या ठिकाणी निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या टोळ्यांचे जाणते लोक जमले आणि त्यांनी अनेक दिवस चर्चा केली. संप करायचा ठरलं, पण युद्ध संपेपर्यंत थांबायचं, असंही ठरलं. पुढे डूली बिन बिन हे गृहस्थ कुरणाकुरणांतून फिरले. वाचता न येणाऱ्या माणसांना दिवस कळावा म्हणून खुणा केलेले कॅलेंडरचे कागद वाटले गेले. रोज एक दिवस खोडायचा. खुणेचा दिवस आला की काम थांबवायचं. शेकडो मैलांवर पसरलेली माणसं एकाच दिवशी उठली. संप १९४९ पर्यंत चालला. डूली बिन बिन, क्लॅन्सी मकेना आणि त्यांचे गोरे सहकारी डॉन मॅक्‌लाउड तुरुंगात गेले, पण माणसं हटली नाहीत.

"यांना वेळेची शिस्त नाही, यांना काम नको असतं," असं आमच्या कार्यालयात अधूनमधून कानावर यायचं. तेव्हा मला ते कॅलेंडरचे कागद आठवत. चार वर्षं आधी ठरवून एका दिवशी काम थांबवणाऱ्यांना वेळ कळत नाही, असं कसं म्हणायचं?

दुसरा मोठा संप वेव्ह हिलचा. २३ ऑगस्ट १९६६ रोजी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागोमाग गुरिंजी समाजाचे सुमारे दोनशे स्त्री-पुरुष आणि मुलं वेव्ह हिलच्या कुरणावरून चालत निघाली. मालक इंग्लंडमधले लॉर्ड व्हेस्टी. वरवर मागणी मजुरीची होती; पण पुढच्या वर्षी ही माणसं वॉटी क्रीकला, म्हणजे त्यांच्या डागुरागूला, जाऊन बसली आणि म्हणाली, ही जमीन आमची आहे. नऊ वर्षांनी, १६ ऑगस्ट १९७५ रोजी, पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम तिथे आले आणि त्यांनी लिंगियारींच्या ओंजळीत मूठभर माती ओतली. मर्व्हिन बिशप या अ‍ॅबोरिजिनल छायाचित्रकाराने टिपलेलं ते छायाचित्र आज ऑस्ट्रेलियातली शाळकरी मुलंही ओळखतात.

पण त्या छायाचित्राबाहेर एक कटू गोष्ट राहून जाते. १९६६ च्या मार्चमध्ये लवादाने निवाडा दिला, की कुरणांवरच्या अ‍ॅबोरिजिनल मजुरांना गोऱ्यांइतकंच वेतन द्यावं. अंमल मात्र डिसेंबर १९६८ पासून. या मुदतीत मालकांनी हिशेब मांडला. गुरं हाकायला हेलिकॉप्टर आणि मोटारी आल्या होत्या, कुंपणं घालून झाली होती. समान वेतन देण्याऐवजी अनेकांनी माणसंच काढली. पिढ्यान्‌पिढ्या त्याच भूमीवर राहिलेली कुटुंबं गावांच्या कडेला, नदीच्या कोरड्या पात्रात येऊन पडली. उत्तम घोडेस्वार, गुरांचे जाणकार, कुशल माणसं एका कायद्याच्या फटक्यात 'बेकार' या रकान्यात गेली. न्याय झाला, आणि त्या न्यायाची किंमतही त्यांनीच मोजली. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या वृद्धांच्या फाईलवर 'कामाचा अनुभव : नाही' असं लिहिलेलं असे. अनुभव होता, पण त्याची पगारपत्रकं कोणी केलीच नव्हती.

१९७७ साली बामयिली, म्हणजे आजच्या बारुंगा गावी, एक वेगळा प्रयोग सुरू झाला. बेकारीभत्ता वाटण्याऐवजी तेवढी रक्कम वस्तीच्या परिषदेकडे द्यायची आणि परिषदेने त्यातून गावातलं काम करून घ्यायचं. कचरा, बागा, घरबांधणी, कलाकेंद्रं, रात्रीची गस्त, सगळं त्यात आलं. पुढे देशभर हजारो लोक या योजनेत होते. तिच्यावर टीकाही झाली. सरकारने पूर्ण पगाराची कामं भत्त्याच्या पैशात करून घेतली, हा आरोप खोटा नव्हता. पण काम कोणतं आणि केव्हा, हे गावातली माणसं ठरवत. मयतीसाठी चार दिवस काम थांबलं तर कोणी गैरहजेरी मांडत नसे. २००० नंतर ही योजना टप्प्याटप्प्याने गुंडाळली गेली. २०१५ मध्ये तिच्या जागी आलेल्या दुर्गम भागाच्या कार्यक्रमात आठवड्याला २५ तासांपर्यंत हजेरीची सक्ती आली. शहरातल्या बेकारांपेक्षा कितीतरी कडक. दंडांचा पाऊस पडला. शेवटी २०२१ मध्ये ती सक्ती उठवावी लागली.

मी तिथे होते ते वर्ष तर विचित्रच होतं. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत, आईबापांपासून तोडलेल्या मुलांच्या पिढ्यांची क्षमा मागितली. आन्टी रडल्या. आणि त्याच काळात, २००७ च्या 'आणीबाणी'च्या कायद्याखाली, नॉर्दर्न टेरिटरीतल्या ७३ वस्त्यांमध्ये लोकांच्या भत्त्याचा निम्मा भाग सरकारने आपल्या नियंत्रणात घेतला होता. तो ठरावीक दुकानांत, ठरावीक वस्तूंवरच खर्च करता येई. लवकरच त्यासाठी कार्डही निघालं. त्यासाठी वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवावा लागला. मुलांच्या संरक्षणासाठी हे आवश्यक आहे, असं सरकारचं म्हणणं होतं, आणि काही अ‍ॅबोरिजिनल स्त्रियांनी त्याला पाठिंबाही दिला. पण ज्यांच्या आजोबांची मजुरी रक्षकाच्या वहीत अडकली होती, त्यांना त्या कार्डात काय दिसलं असेल, हे सांगायला नको.

मग ते गृहस्थ गप्प का बसले, याचं उत्तर मला थोडंथोडं कळू लागलं. टेबलापलीकडच्या माणसाशी वाद घालून त्यांच्या घराण्यात कोणाचं कधी भलं झालं नव्हतं.

हे 'गप्प बसणं' आणि 'हो म्हणणं' ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयांनी आमच्या आधीच ओळखलं होतं. १९७६ साली नॉर्दर्न टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयात अनुंगा खटल्यात न्यायमूर्ती फोर्स्टर यांनी पोलिसांसाठी नियम घालून दिले. त्यांनी म्हटलं, की ही माणसं स्वभावाने सभ्य आहेत. गोऱ्या अधिकाऱ्याला जे उत्तर हवं आहे असं वाटतं, तेच ती देतात. म्हणून "समजलं का?" एवढंच विचारून भागणार नाही. दुभाष्या बोलवा, आणि जे सांगितलं त्याचा अर्थ त्यांच्याच शब्दांत परत विचारून घ्या. भाषाशास्त्रज्ञ डायना ईड्स यांनी पुढे या 'हो ला हो' मिळवण्याचा बारकाईने अभ्यास केला. १९८७ ते १९९१ या काळात कोठडीतल्या ९९ मृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने ३३९ शिफारशी केल्या. न्यायाधीशांपासून सरकारी नोकरांपर्यंत ज्यांचा या समाजाशी संबंध येतो, त्यांना त्याची संस्कृती आणि इतिहास शिकवावा, हीही त्यांत होती. माझ्या हातातल्या छापील कागदाचं मूळ इथे आहे. माणसं मेली, म्हणून तो कागद निघाला. अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

इतिहास कळला की रिवाजांची यादीही वेगळी दिसू लागते. माझ्याच सवयी पाहा. मी प्रश्न विचारायचे आणि दोन सेकंदांत उत्तर नाही आलं तर दुसरा प्रश्न. रेडिओवर दहा सेकंद शांतता पडली तर आपल्याला वाटतं, केंद्रच बंद पडलं! तिथे ती शांतता म्हणजे विचार करणं असतं. नोकरीच्या अर्जात "मी हे केलं, मी ते केलं" असं लिहायला मी सांगायचे. चारचौघांत स्वतःला पुढे करण्याची तिथे लाज वाटते. त्यासाठी त्यांच्या इंग्रजीत 'शेम' हा एकच शब्द पुरतो. आपल्याकडे तरी आपल्या तोंडाने आपली स्तुती कुठे शोभते?

नात्यांचं तसंच. एका तरुणाने आईच्या मयतीसाठी रजा मागितली, आणि काही महिन्यांनी पुन्हा आईच्याच मयतीसाठी. आमच्या सहकाऱ्याने फाईलवर संशयाची खूण केली. पण तिथे आईची बहीण ही आईच, आणि बापाचा भाऊ हा बापच. 'माय मरो, मावशी उरो' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजायला प्रशिक्षण कशाला लागावं? जावयाने सासूसमोर यायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, असाही दंडक अनेक ठिकाणी आहे. भावासासऱ्यापुढे पदर ओढून आडोशाला उभ्या राहणाऱ्या बायका ज्यांनी घरात पाहिल्या आहेत, त्यांना हेही कळेल. प्रशिक्षणवर्गात सासू-जावयाला शेजारी बसवलं आणि जावई उठून गेला, तर ते बेशिस्तपणाचं लक्षण नसतं.

यात एक धोकाही आहे, तो आन्टींनीच दाखवला. २०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांची संख्या ८ लाख १२ हजारांहून अधिक, लोकसंख्येच्या ३.२ टक्के नोंदली गेली. त्यांतले कितीतरी शहरांत राहतात. वकील आहेत, परिचारिका आहेत, शिक्षक आहेत. सिडनीच्या मुलीला वाळवंटातले नियम लावून "तुला डोळ्यांत बघितलेलं चालत नाही ना?" असं विचारणं हा पुन्हा नवा अपमान. म्हणून यादी पाठ करू नये, माणसाला विचारावं. आणि विचारण्याआधी, आपल्या खुर्चीची कहाणी ठाऊक असावी.

सोलापूरची म्हणून मला एक शब्द राहून राहून आठवतो. हजेरी. इंग्रजांनीच १८७१ साली आपल्याकडे काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. त्या कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाची 'सेटलमेंट' होती. आतल्या माणसांनी गिरण्यांत राबायचं आणि ठरल्या वेळी हजेरी द्यायची. तो कायदा १९५२ साली गेला. पण सरकारी कचेरीच्या पायरीवर घुटमळणारी, साहेबाने काहीही विचारलं तरी "होय जी" म्हणणारी माणसं मी लहानपणी पाहिली होती. ती अशी का वागतात, हा प्रश्न मला सोलापुरात कधी पडला नाही. तो पडायला सात समुद्रांपलीकडे जावं लागलं.

ऑस्ट्रेलियात त्या जुन्या वह्यांचा हिशेब आता थोडाफार होतो आहे. २००६ साली सिनेटने 'चोरलेल्या मजुरी'ची चौकशी केली. हान्स पीअरसन यांच्या नावाने चाललेल्या सामूहिक दाव्यात क्वीन्सलँड सरकारने २०१९ मध्ये १९ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाने १८ कोटींहून अधिक, आणि २०२४ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी केंद्र सरकारने २० कोटींपर्यंत. पुष्कळ मजूर तोवर वारले होते. पैसे त्यांच्या मुलानातवंडांच्या हाती गेले.

आणि त्या गृहस्थांचं काय झालं? आन्टींनी आणि मी धावपळ केली, अर्ज केले, चूक माझी असल्याचं मी लिहून दिलं. भत्ता पुन्हा सुरू व्हायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस त्यांना नातलगांनी पोसलं. त्या नातलगांचे स्वतःचे पैसेही निम्मे अडकलेलेच होते. कार्यालयाने त्यानंतर एक साधी गोष्ट केली. रोज सकाळी यादी आधी आन्टींच्या टेबलावर जाऊ लागली, आणि नावं पुकारणं बंद झालं. आम्ही बाहेर जाऊन माणसाशेजारी बसू लागलो.

ते पुन्हा आले तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसले. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. मग मी विचारलं, "आता तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" त्यांनी सांगितलं. मी ते फाईलवर लिहिलं. माझ्या चुकीबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. मी माफी मागितली तेव्हा ते "हो" म्हणाले. ते 'हो' खरं होतं, की मला ऐकायला हवं म्हणून म्हटलेलं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

मृताच्या नावावरची बंदी काही वर्षांनी उठते. या नावावरची उठली का, हे मला कोणी सांगितलेलं नाही. आणि ते ठरवण्याचा अधिकार माझा नाही. म्हणून ते नाव मी आज इथेही घेतलं नाही.